मागाच्या आवाजातली शिट्टी

भवानी पेठ, सोलापूर
गुरुवार, १३ नोव्हेंबर २०२५

प्रिय बुद्धभूषणदादा,

सप्रेम जय भीम. मी फोन उचलत नाही म्हणून तू रागावलास, हे वहिनीच्या मेसेजवरून कळलं. "जपानला जाऊन लई मोठी झाली," असंही म्हणालास म्हणे. तसं नाही रे, कामाची घाई आहे. रावजीकाका उद्या तुमच्या अक्कलकोटला निघालेत, त्यांच्या हाती हे पत्र देते.

मोरितामास्तर दहा दिवसांपासून आपल्याकडेच उतरलेत. शेंगाचटणी आणि कडक भाकरी त्यांना इतकी आवडली की आई त्यांना व्याह्यासारखं आग्रहाने वाढते. पंचेचाळीस वर्षं या माणसाने टोकियोत सिनेमांना, मालिकांना संगीत दिलं. सुरुवात केली ती मुलांच्या बाहुल्यांच्या कार्यक्रमापासून. पुढे त्यांच्या एका धुनेवर म्हणे अख्खा देश सकाळचा चहा प्यायचा. आता विणकरांच्या गावावरची ही शेवटची मालिका. तिला खऱ्या मागांचा आवाज हवा म्हणाले, आणि मी फुशारकीने बोलून गेले, चला, मी मागांतच वाढलेय.

एक गोष्ट तुला सांगितली नव्हती. मास्तरांना दोन वर्षांपासून नीट ऐकू येत नाही. सूर ते मनात ऐकून लिहितात. ते बरोबर वाजले का, हे मी ऐकते. हे आम्हा दोघांनाच ठाऊक. आप्पांनी मात्र पहिल्याच दिवशी ओळखलं. कारखान्यात मागांच्या खडखडाटात कुणी पाठीमागून हाक मारत नाही, खांद्यावर दोन बोटं टेकवून समोर येतात, आठवतं ना? आप्पांनी अंगणात मास्तरांना तसंच केलं. मला म्हणाले, "पाव्हण्यांचं कान आमच्यावानीच हायत की गं." मी हसण्यावारी नेलं.

शनिवारी मागांचा आवाज टिपला. मी तीनदा ऐकला आणि ठीक आहे म्हणून टोकियोला पाठवला. परवा उत्तर आलं. सबंध आवाजावर बारीक शिट्टी आहे, मास्तरांना ती ऐकू आली नाही का? सोमवारी फोन करून टोकियोचे लोक मलाच विचारणार आहेत, मास्तरांना ऐकू येतं की नाही. मी खरं सांगितलं तर मालिका दुसऱ्याकडे जाईल आणि मास्तर संपतील.

वाटलं, तेच लोक चुकत असतील. आईला ऐकवलं, तर तिने लगेच हेडफोन काढून ठेवला. "अगं, कानाला बोचतंय की! कसली शिट्टी ही?"

मी पुन्हा ऐकलं. दादा, मला शिट्टी ऐकू आली नाही. मागांची खडखड तेवढी आली.

मी फार घाबरलेय. तू लवकर हॉस्टेलला गेलास, मी बारावीपर्यंत कारखान्याच्या पाठच्या खोलीतच अभ्यास केला. वर बारा वर्षं हेडफोन. आणि फोनचं म्हणशील तर घाईबिई काही नाही. तुझं बोलणं अर्धं कळायचं नाही, उगीच हो हो करायचे. मग उचलणंच सोडलं.

काल मोह झाला, सगळं मास्तरांवर ढकलून मोकळं व्हावं. सत्तरीचा माणूस, माझ्यावर कोण संशय घेणार? असा विचार करत अंगणात बसले होते, तेवढ्यात खांद्यावर दोन बोटं टेकली. आप्पा समोर आले.

"चारदा हाक मारली, पोरी. तुलाबी?"

"व्हय," म्हटलं आणि रडले.

सोमवारची वाट न बघता मी उत्तर लिहून ठेवलंय. शिट्टी मला ऐकू आली नाही, चूक माझी आहे. मास्तरांबद्दल एक अक्षर लिहिलं नाही. कागद त्यांना दाखवला. माझ्या सहीखाली त्यांनी स्वतःची सही केली. कागद उद्या मेलने टोकियोला जाईल. पुढे आम्हा दोघांनाही काम मिळेल असं वाटत नाही.

रविवारी ये. सोमवारचा फोन एकटीने घ्यायचा धीर होत नाही. आलास की दारातून हाक मारू नकोस, समोर ये.

तुझीच,
बुद्धप्रिया