बॉल जागेवर कोणी ठेवायचा

३ नोव्हेंबर

प्रिय ताई,

नमस्कार. तू बरी आहेस असं धरून चालतो, कारण तू स्वतःहून काही कळवशील हे या जन्मी शक्य नाही. आम्ही इकडे ठीक. आईचा गुडघा कुरकुरतो, स्वयंपाकघरातला नळ मी अखेर बदलला, आणि माझ्या गवत कापायच्या मशीनला नवीन पातं बसलंय. गोल्फ क्लबचे सेक्रेटरी रोज बजावतात की पाचव्या होलकडचं उंच गवत या वेळी नीट काप. मी मान डोलावतो आणि तेवढा तुकडा सोडून पुढे जातो.

म्हणशील, ढब्या कामचुकार झाला. तसं नाही गं. त्या गवतात बॉल आहे.

बाबांचा. निळ्या पेनाचे दोन ठिपके, एक जरा मोठा, ते काढायचे तसेच. झाडाच्या मुळाशी पडला होता.

बाबा गेले त्या दिवशी मी तिथे नव्हतो, तू सांगितलंस तेवढंच मला माहीत. बाबांचा बॉल गवतात गेला. त्यांची काठ्यांची बॅग नेहमीसारखी तुझ्या खांद्यावर, ते पुढे आणि तू मागे. शोधताना तुझा पाय लागला आणि बॉल उडून झाडाच्या मुळाशी गेला. बाबा म्हणाले, एका फटक्याचा दंड. तू म्हणालीस, बाबा, नियम बदललाय, शोधताना चुकून हलला तर आता दंड नाही, नुसता परत जागेवर ठेवायचा. ते म्हणाले, माझ्या खेळात दंड आहे. क्लबात त्यांना ‘कायदेसाहेब’ म्हणायचे ते काय उगाच? तुझं डोकं फिरलं. ‘मग ठेवा तुमचा तुम्हीच’ म्हणालीस, बॅग तिथेच टाकलीस आणि तरातरा निघून आलीस. संध्याकाळी ते त्याच गवतात सापडले. डॉक्टर म्हणाले, हृदय. तू म्हणालीस, मी. आणि त्यानंतर या घरात पाऊल टाकलं नाहीस. बॅग मी आणली. ती अजून दारामागे उभी आहे.

तर बॉल. मी तो उचलून बाबांच्या कपाटात ठेवला. सकाळी पुन्हा झाडाच्या मुळाशी. मला वाटलं, आईचे उद्योग. कपाटाला कुलूप घातलं, किल्ली गळ्यात अडकवली. पुन्हा मुळाशी! कावळे झाले, कुत्री झाली, क्लबातली टवाळ मंडळी झाली, सगळ्यांवर संशय घेऊन झाला. शेवटी म्हटलं, जिथून हलला तिथे ठेवून टाकू, विषय संपला. पण ती जागा मला कुठे माहीत? मोठ्या दगडाच्या डावीकडे ठेवला, उजवीकडे ठेवला. वारा नाही, काही नाही, आणि माझ्या डोळ्यांदेखत तो हळूच निघाला. झाडाकडे जमीन चढत जाते, तुला आठवतंय ना? तो चढावरून वर गेला, ताई. मी मशीन तिथेच सोडून पळालो.

घरी येऊन नियमांचं पुस्तक काढलं. बाबांचा मुलगा ना मी, भूत दिसलं तरी आधी नियम बघणार. त्यात म्हटलंय, हललेला बॉल परत ठेवायचा तो खेळाडूने स्वतः, नाहीतर ज्याच्यामुळे हलला त्याने. तिसऱ्या कोणी ठेवलेला चालत नाही. म्हणजे मी कितीही वेळा ठेवला तरी व्यर्थ.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते लिहितो. इतका वेळ नळ आणि पातं करत टाळत होतो.

आई रोज दुपारी त्या गवतात जाते. ‘यांना बॉल सापडत नाहीये, जरा मदत करते,’ म्हणते आणि काठी घेऊन निघते. आधी कडेकडेने फिरायची, आता पार आत जाते आणि हाक मारली तरी उशिरा परत येते. तिचे हात धरले तर बर्फासारखे. काल मी होलभोवतीच्या हिरवळीवरून बघत होतो. आई काठीने गवत बाजूला सारत होती आणि तिच्या शेजारी, हातभर अंतरावर, आणखी एक रेघ गवतात सरकत होती. ती थांबली की थांबायची. मी धावत जाऊन तिला ओढून आणलं, तर माझ्याकडे बघून म्हणाली, ‘आपण कोण?’

आई त्या गवतात राहून जाईल अशी मला भीती वाटते. तू ये. एकदाच ये. खाली वाक, बॉल जिथे होता तिथे ठेव, आणि हवं तर घरी पाणीसुद्धा न पिता परत जा. जागा फक्त तुला माहीत आहे.

तुझा
ढब्या


१९ नोव्हेंबर

ताई,

पत्र मिळालं. ‘माझ्याच्याने होणार नाही.’ एवढ्या तीन शब्दांसाठी अख्खं पाकीट कशाला वाया घालवलंस? खूप चिडलो होतो. आता चिडलेलो नाही. आता वेगळंच झालंय.

काल आई लवकर परत आली. हात उबदार, कपड्यांना कुसळं, चेहरा टवटवीत. म्हणाली, ‘ढब्या, चहा टाक. सापडला यांना बॉल एकदाचा.’ ढब्या म्हणाली! मी चहा तसाच गॅसवर ठेवून गवताकडे पळालो. बॉल दगडाच्या मागे होता, एका खळग्यात, जिथे ठेवायचं मला सुचलंही नव्हतं. तिथेच होता ना गं तो? मी मशीन अगदी जवळून नेलं, जमीन थरथरली, पण तो जागचा हलला नाही. म्हणजे ज्याला ठेवायचा अधिकार आहे त्याने ठेवला. तूच म्हणाली होतीस ना, ठेवा तुमचा तुम्हीच.

मला वाटलं, सुटलो. पण आज सकाळी सगळीकडे दव होतं आणि दवात एक कोरडी वाट. दगडापासून निघून आपल्या दारापर्यंत आलेली, आणि दारातून क्लबच्या गेटबाहेर, तुझ्या गावाकडच्या रस्त्याला.

आई मटार सोलत होती. तिला विचारलं. मान वर न करता म्हणाली, ‘तुझ्या ताईकडे निघालेत.’

‘रागावलेत का?’

‘छे रे. दंड मागे घेतलाय म्हणाले, ते तिला सांगायचंय. गाडीने जा म्हटलं, तर ऐकतात का कुणाचं? निघाले पायी.’

तेव्हा ताई, दारावर थाप पडली तर घाबरू नकोस. उघड. ते काय सांगतात ते ऐकून घे आणि या वेळी तरी उलट बोलू नकोस, कारण जिंकलीस तू. इतकी वर्षं जे उरावर घेऊन बसली आहेस ते तिथे उंबऱ्यावर उतरवून टाक. मला तुझ्यासाठी फार बरं वाटतंय, खरंच.

फक्त एक. दारामागची बॅग आज जागेवर नाही. ती खांद्यावर घे म्हणाले, अगदी प्रेमाने म्हणाले, तरी घेऊ नकोस.

तुझीच काळजी करणारा,
ढब्या