लेहला गेलेले चिकू

आगर, डहाणू
२४ मे

चि. जागृतीस,
आईचे पुष्कळ आशीर्वाद. आम्ही दोघं ठीक, गाय ठीक, विहिरीला अजून पाणी आहे. लेहहून तुझा फोन धड लागत नाही, लागला की तू घाईत, आणि तुझे बाबा झोपाळ्यावर कान टवकारून. म्हणून पत्र.

आधी मला सांग, खारदुंग ला म्हणजे शिखर नाही, खिंड, असं तू म्हणालीस. मग एवढं रक्त आटवून सायकलने वर गेल्यावर पलीकडे उतरायचंच ना? हवा विरळ म्हणजे नक्की काय होतं? भात शिजतो का? चाकातली हवासुद्धा विरळ होते का? हसू नकोस. विचारल्याशिवाय कळणार कसं?

चढ कसा असतो ते कळावं म्हणून मी मागे एकदा तुझी जुनी सायकल काढली आणि कोसबाडच्या टेकडीला लागले. पहिल्या वळणावर पाय भरून आले, दुसऱ्यावर उतरून ढकलत निघाले. आपल्या वाडीत चिकू काढायला येणारी भिकी मोळी घेऊन उतरत होती. म्हणाली, "बाय, तू सायकलवर बसलीस का सायकल तुझ्यावर?" दोघी रस्त्याकडेला बसून पोट धरून हसलो. पण वर गेले हो. वारा लागला तेव्हा तू का जातेस ते थोडंसं कळलं.

मागे वळून बघते तर तुझे बाबा, स्कूटर बंद करून उभे. म्हणे, रोपं बघायला आलोय. रोपवाटिका तर केव्हाच खाली राहिली होती! मग हळूच विचारलं, "तिकडचा चढ याच्याहून मोठा असेल?" तू पुण्यातली बँकेची नोकरी सोडून निघालीस, तेव्हापासून तुझ्याबद्दल त्यांच्या तोंडून निघालेला तो पहिला शब्द.

आता चिकूंचं. काल तू फोनवर ओरडलीस, "आई, आठवडा झाला तरी दगड! एवढे कच्चे कसे पाठवलेस?" आणि ठेवता ठेवता म्हणालीस, खिंड झाली की परस्पर पुण्याला जाईन, न बोलणाऱ्या माणसासमोर बसायला घरी कशाला येऊ. मला फार लागलं ते. तुझे बाबा झोपाळ्यावरच होते आणि झोपाळा थांबला होता.

जागू, ते चिकू मी पाठवलेले नाहीत. भिकीलाही हात लावू न देता त्यांनी स्वतः काढले, चीक धुतला, एकेक कागदात गुंडाळला. दिल्लीला जाणारा माल वाटेत पिकतो, लेहला थोडे दिवस जास्त धरू, पोरगी खिंडीत पोचेल तेव्हा नेमके तयार होतील, असा हिशेब. खोक्यावर नाव मात्र माझं घालायला लावलं. जन्म चिकूच्या वाडीत गेला, पण थंडीत चिकू पिकत नाही हे काही त्यांच्या डोक्यात आलं नाही. इथे थंडी पाहिलीय कोणी! काल धड जेवले नाहीत.

सांगू नकोस म्हणाले होते. सांगितलं.

दम लागला तर उतर आणि ढकल. त्यात लाज नाही, मी करून पाहिलंय.

तुझी वाट पाहणारी,
आई

ता. क. पाकीट चिकटवायला दिलं तर त्यांनी उघडून वाचलं. मला वाटलं, आता भडकणार. पेन मागितलं. खालचं अक्षर त्यांचं.

चिकू टाकू नकोस. घरी घेऊन ये. तांदळात घालून ठेवू, पिकतील.
— बाबा