माझ्या मुरुमांच्या गोळ्या कोण खातंय?

४ जून

गोळ्यांना पाय फुटलेत! कपाटातली डबी उचलली तर हलकी लागली. संशय दादावर. परवाच जेवताना मोबाइलवरून मोठ्याने वाचत होता — 'मुरुमांच्या औषधाने म्हणे हा साथीच्या खोकल्याचा विषाणू अडतो! हिची चैन आहे बाबा.'

५ जून

डॉक्टरांना फोन करून विचारलं. हसले. 'प्रयोगशाळेत काचेच्या बशीत अडला म्हणून माणसात अडेल असं नाही.' मग एकदम आवाज बदलला. 'तुमच्या गोळ्या दुसऱ्या कुणाला देऊ नका. दिवस गेलेल्या बाईला तर नाहीच. बाळात व्यंग येतं.' पहिल्या दिवशीही हेच बजावलं होतं. तेव्हा मी लाजले होते — माझं लग्न कुठे ठरलंय!

९ जून

डबीच्या झाकणावर मुद्दाम एक केस ठेवला होता. संध्याकाळी गायब! आणि दादा तर कालपासून बाहेरगावी.

१० जून

वहिनी! तिच्या ओठांची सालं निघालीत. या गोळीने असंच होतं, माझे काय कमी फुटलेत? दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीवर बसते, घाबरली असणार. पण मागायचं तरी! वर साळसूदपणे — 'तुझं ओठांचं मलम दे ना गं.' संपलं म्हणून सांगितलं.

१३ जून

आज विचारलंच. वहिनी उलट मलाच विचारते — 'तुझ्या गोळ्या? अगं, आई देतात ती जीवनसत्त्वाची तेवढी घेते मी, जेवल्यावर.'

आईला धरलं. जराही ओशाळली नाही. 'मीच काढते तुझ्या डबीतून. दिवसभर माणसं तिच्या तोंडावर खोकतात. तिला काही झालं तर अशी सून कुठून आणू मी? खरं सांगितलं असतं तर घेतली असती का तिने? आणि तुझी मुरुमं गेलीत की आता!'

कपाळावर हात मारून घेतला. डबी कुलपात टाकली. वहिनीला मलम दिलं, नवंकोरं. फार लाज वाटली. चला, ओठांवरच निभावलं.

१४ जून

वहिनीला दिवस गेलेत! दादा घरभर नाचतोय. आईने मला घट्ट मिठी मारली — 'आत्या होणार तू!'

डॉक्टर काय म्हणाले ते मी घरात कुणालाच सांगितलेलं नाही. आजच्या आज वहिनीला त्यांच्याकडे न्यायला हवं. काय सांगून नेऊ?