न जन्मलेल्या मामांचा वारसा

ती. मावशीस,

वारसा कचेरीत नोकरी लागली, असं मी लिहिलं होतं, ते चूक. आम्ही न जन्मलेल्या माणसांना पत्रांतून दूरच्या ग्रहांवर मारतो आणि त्यांच्या इस्टेटीचं शुल्क 'वारसां'कडून आधी मागतो. यादीत तुझं नाव आलं. मी तुझ्यासाठीही एक मामा मारला, माझ्याच ग्रहावर. हात थांबला नाही.

आज तुझं उत्तर आलं. "बुधवारी घर विकून शुल्क भरते. पण शेवटी मामांजवळ कोणी होतं का हो? माझी भाची तुमच्याच ग्रहावर असते. कळवलं असतंत तर धावत गेली असती."

साहेब हसले, "म्हातारी लागली गळाला!" मी मान डोलावली.

कचेरी आमची पत्रं वाचते, म्हणून हे पाठवत नाही. तुझं घर बुधवारी विकलं जाईल. मी मंगळवारी, चौदा तारखेला, सकाळी दहा वाजता पोलीस ठाण्यात जाणार आहे.

तुझी भाची