आपोआप उतरणारी बकेट

प्रिय विल्मार,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. फाडायचं असेल तर शेवटपर्यंत वाच आणि मग फाड. इथे थंडी कडाक्याची आहे, गाई मात्र बऱ्या आहेत. आई खिडकीत मातेचा कडू चहा पीत बसते आणि तुझं नाव अजून घेत नाही. बाबा गेले त्या दिवशी "तुझ्या हाताने गेला तुझा बाप" असं ती तुला सगळ्यांदेखत म्हणाली. तेव्हा तू मोंतेविदेओला गेलास तो गेलासच.

यंदा गवताचे गठ्ठे उचलायला माणूस मिळेना. शेवटी निलगिरीखालचा आपला ट्रॅक्टर मीच बाहेर काढला. त्या दिवसानंतर त्याला कुणी हात लावला नव्हता. नवी बॅटरी घातली, ऑइल बदललं, झाला चालू. पण ट्रॅक्टरच्या पुढच्या लोडरवर, म्हणजे उचलायच्या बकेटवर, गठ्ठा वर घेऊन मी फाटक उघडायला उतरले, वळून बघते तर बकेट जमिनीवर. सीटवर कुणी नाही! सर्रकन काटा आला अंगावर. शेजारचे एव्हारिस्तोकाका म्हणाले, "पोरी, तो तुझा बापच. अजून बैल उतरवतोय. पाद्रीला बोलव." आणि खरं सांगते, त्या संध्याकाळी गोठ्यामागे मला बाबांचा खोकला ऐकू आला. मी वळूनही बघितलं नाही.

पण पाद्री येऊन काय पाइप सोडणार होता? मीच हट्टाला पेटले. ऑइलची पातळी बरोबर होती, पाइप कुठे ओला नव्हता. मग बकेट जमिनीला टेकवून ती उचलणाऱ्या जॅकचा खालचा पाइप सोडला आणि वरच्या बाजूने दाब दिला. आतलं सील गेलं असतं, तर उघड्या तोंडातून ऑइल वाहत राहिलं असतं. नाही वाहिलं. दुसऱ्या जॅकचंही तेच. म्हणजे उरला बकेट वर-खाली करायच्या लिव्हरखालचा व्हॉल्व्ह. बकेटमध्ये दगड भरून ती वर उचलली, इंजिन चालू ठेवलं आणि लांबून नुसती लिव्हरकडे बघत राहिले. लिव्हर थरथरत होती. मग कुणीतरी ढकलावी तशी हळूहळू पुढे सरकली आणि बकेट धाडकन खाली आली. मी किंचाळले रे. आई दारात आली होती, तिनेही ते बघितलं.

कापलेला बैल त्या दिवशीही आपण असाच लोडरला टांगला होता. बॅटरी मेलेली, बंद केलं तर परत चालू झालं नसतं, म्हणून इंजिन चालूच ठेवलं होतं. तू सुऱ्या आणायला उतरलास, बाबा बैलाखाली वाकले आणि बकेट बैलासकट त्यांच्यावर आली. नंतर लिव्हर पुढे गेलेली दिसली आणि सगळे म्हणाले, उतरताना पोराचा हात लागला. तुलाही ते खरंच वाटलं.

काल मी व्हॉल्व्हचं टोपण उघडलं. लिव्हरला मध्यावर परत आणणारी स्प्रिंग आत मोडून पडली होती, मोडलेल्या जागी गंजाचा जाड थर. एवढा गंज चार दिवसांत चढत नाही, आणि मी बाहेर काढेपर्यंत ट्रॅक्टर तर तेव्हापासून चाललाच नव्हता, म्हणजे ती त्या दिवशी मोडलेलीच होती. विल्मार, तुझा हात लागला नव्हता. ते तुकडे मी आईच्या तळहातावर ठेवले. तिने ते एकेक करून उलटून बघितले. मग म्हणाली, "माझं चुकलं असं लिही त्याला. नको, थांब, ते मीच सांगेन. तू फक्त ये म्हणून लिही."

ये रे.

तुझीच,
ओलिंदा