पुसलेले एकेचाळीस

प्रिय सोल्वाय,

काल आधी आला तो प्रेबेनच, चिखलाच्या बुटांनी थेट माझ्या गालिच्यावर! मागून लिस्बेट, गावच्या जुन्या माणसांच्या नोंदी न् फोटो ठेवणाऱ्या आपल्या गावसंग्रहाची चिटणीस, नेहमीसारखी माफ करा, माफ करा करत. मेल्याला अध्यक्ष कोणी केलं देव जाणे. केक पुढे ठेवला तर म्हणतो, “बोडिल, कोरडा झालाय गं,” आणि तीन तुकडे हाणले! असो.

तर संग्रहाची फाइल फुगत फुगत दोन जीबीला टेकली. त्यापुढे गेली की गाडी बंद. तू म्हणाली होतीस, फोटो आत कोंबू नका, बाहेर ठेवा, आत नुसता पत्ता लिहा. मी सभेत तेच बोलले, तर हा हसला. म्हणे, सातवी शिकलेल्या बाईनं मला शिकवू नये. आणि स्वतः काय केलं? समुद्रात बुडालेल्या एकेचाळीस जणांची पानं पुसली! म्हणे, त्यांची चौकशी करायला आता येतंय कोण? त्यात तुझे आजोबा गं. आणि फाइल तसूभर कमी झाली नाही! कपडे काढले म्हणून कपाट लहान होतं का? ते वेगळ्या बटणानं आवळावं लागतं, तेही सगळ्यांनी फाइल बंद केल्यावर. आणि ही लिस्बेट घरी दिवसभर ती उघडी ठेवून मोजे विणते!

काल हेच विचारायला आले दोघं. लिस्बेटनं नवऱ्याला फोन करून घरची फाइल बंद करवली, बटण मी दाबलं. फाइल निम्मी! प्रेबेनची कळी खुलली. मग म्हटलं, “आवळलं की पुसलेलं परत काढता येत नाही. आता ते एकेचाळीस यातून कायमचे गेले. पण माझ्याकडे पेनड्राइव्हवर पुसण्याआधीची प्रत आहे. एकेक नाव तू परत लिहायचंस, माझ्यासमोर बसून.” पांढराफटक पडला! मला इतकं बरं वाटलं की उरलेला केक मीच संपवला.

पण सोल्वाय, तुला खरं सांगते. ती प्रत मी कधी उघडून पाहिलेली नाही. रागाच्या भरात बटण दाबून बसले. संगणक संग्रहाचा, तो प्रेबेन जाताना उचलून घेऊन गेला. आजोबांचा कागदावरचा फोटो तळघरात पाणी शिरलं तेव्हाच विरघळला. त्या प्रतीत तो नसला, तर कुठेच नाही. तुझा संगणक घेऊन बुधवारी ये. ते दोघं नावं लिहायला गुरुवारी तीनला येतो म्हणालेत.

तुझीच,
बोडिल आजी