आधी गाडी बंद करा

आई, माझी नोकरी काय आहे, हे तुला कळलं असतं तर तू पोट धरून हसली असतीस. जिल्ह्यात पर्यटक वाढले, कंपन्या वाढल्या, की हवेत कार्बन किती वाढतो, याचा अंदाज मी बांधते. "धूर मोजायचा पगार देतात व्हय गो?" असंच म्हणाली असतीस.

नव्वदच्या दशकातली ती वर्षं. बाबा डोलवीच्या कंपनीत ठेकेदाराकडे, आणि रामवाडीत हायवेलगतच्या आपल्या अंगणात तुझे पोह्याचे पापड बाजांवर वाळत पडलेले. पोहे रोह्याचेच हवेत, हा तुझा हट्ट; पिशव्या मांडीवर घेऊन आपण दोघी एसटीनं यायचो. समुद्राकाठी रिसॉर्टं निघाली, अलिबाग-गोव्याच्या गाड्या दारात थांबू लागल्या, तेव्हा सगळ्यात खूश तूच होतीस. घरावर स्लॅब पडला तो त्या पापडांच्या पैशांवरच. मग एका मे महिन्यात तू वाळत्या पापडांवरून पांढरं फडकं फिरवलंस आणि ते काळं निघालं. दुसऱ्या दिवसापासून नियम झाला: "आधी गाडी बंद करा, मग पापड." मोठमोठे गाडीवाले निमूट किल्ली फिरवायचे. आमच्या हेडबाईंचाही एवढा वचक नव्हता.

पुढच्या वर्षी बाबांचं काम सुटलं. घर पापडांवर आलं आणि नेमका तेव्हाच एक टुरिस्ट बसवाला दारात आला. दर शनिवारी भरलेली बस थांबवतो म्हणाला, पण एसीसाठी इंजिन चालूच राहील. तू त्याला पाणी दिलंस आणि म्हणालीस, "गार हवा तुमच्या आत, नि धूर माझ्या पापडावर. नाय जमायचं, दादा." बाबांनी कपाळावर हात मारला. "लक्ष्मी दारात आली, नि तू तिला इंजिन बंद कर म्हणतेस?" तू लाट्या करायला बसलीस. "काळा पापड एकदाच खपतो," एवढंच बोललीस. मला वाटलं, आता माझी शाळा सुटते.

काही शनिवार ती बस आपल्यासमोरून पुढच्या टपरीवर गेली. एके दिवशी मात्र रिकामी परतताना ड्रायव्हरनं ती आपल्या दारात आणली आणि बंद केली. "ताई, माझ्या घरी न्यायला द्या. तिथले धुरातले मी नेत नाय." पुढच्या शनिवारी भरलेली बस आली, तीही बंद करून. माणसं घाम पुसत पापड निवडत होती आणि तू त्यांना ताक देत होतीस. मला तुझा केवढा अभिमान वाटला होता! तू कार्बनचा विचार केला नव्हतास, हे मला ठाऊक आहे. तुला येणारी गिऱ्हाइकंही हवी होती आणि पांढरं फडकंही, आणि तू दोन्ही मिळवलंस.

हे मी रामवाडीतच, रस्त्याकडेला गाडीत बसून लिहितेय. मे महिना आहे. कागद कुठे पाठवायचा नाही, म्हणून खरं सांगते: एसीसाठी इंजिन चालू होतं. इथे आता कुणाचे पापड वाळत नाहीत. तरी 'आई' एवढं लिहिलं आणि आधी किल्ली फिरवली.